पुढची तुकडी

आमची पहिली भेट म्हणजे निव्वळ अंघोळ होती.

मी आमच्या घराच्या दारात उभी होते... म्हणजे जिथे पूर्वी दार होतं तिथे. वर ताडपत्रीत साठलेलं पावसाचं पाणी कुणीतरी एका झटक्यात खाली सोडलं. डोक्यापासून चपलांपर्यंत चिंब! वर पाहिलं तर ताडपत्रीच्या कडेवरून एक चेहरा डोकावत होता, घाबरलेला आणि तरी हसू दाबणारा.

"सॉरी, सॉरी! खाली कुणी आहे हे बघितलंच नाही मी."

"वादळानेही बघितलं नव्हतं," मी म्हटलं.

त्याचं हसू विरलं. शिडीवरून धडपडत उतरून त्याने गळ्यातला टॉवेल माझ्यापुढे धरला... तो माझ्यापेक्षा ओला होता. मग मात्र मलाच हसू फुटलं. वादळानंतर मी पहिल्यांदाच हसत होते, आणि याचं श्रेय त्याला द्यायला माझी जीभ आजही रेटत नाही.

चक्रीवादळाने आमच्या किनाऱ्यावरची घरं झोपवली, तेव्हापासून लांबच्या शहरातल्या एका चर्चची तरुण मंडळी ती उभी करायला येत होती. एक तुकडी पंधरवडाभर राबायची, बस तिला घेऊन जायची, आणि दोन दिवसांनी नवी तुकडी उतरायची. सगळ्यांचे शर्ट पिवळे, सकाळी सगळ्यांची एकत्र प्रार्थना, आणि दुपारपर्यंत सगळ्यांच्या तळहातांना फोड. ज्याचं घर त्यानेही कामाला हात लावायचा, असा त्यांचा नियम होता. आमच्याकडून मी एकटीच होते. बाबा वादळात गेले. आई शाळेतल्या निवारा केंद्रात भिंतीकडे तोंड करून बसलेली असायची.

तर हा अंघोळ घालणारा माझ्या जोडीला आला. याच्या हातून एक खिळा सरळ जाईल तर शपथ! मी त्याचं नाव 'वाकड्या' ठेवून टाकलं.

"अहो वाकड्या, हा खिळा लाकडात जायचाय, की लाजून मान खाली घालायचीये त्याला?"

"पुढची तुकडी करेल सरळ," तो म्हणायचा.

हे त्याचं पालुपद होतं. फळी तिरकी बसली की 'पुढची तुकडी करेल'. रंग सांडला, 'पुढची तुकडी पुसेल'. जेवताना मी त्याच्या ताटातलं उचललं की 'खा, खा, पुढची तुकडी उपाशी राहील'. तुकडीच्या ताई, म्हणजे त्यांच्या प्रमुख, दुरून डोळे वटारायच्या आणि आम्ही फळीआड तोंड लपवून हसायचो.

एकदा त्याच्या तळहातात लाकडाचं कुसळ गेलं. मी त्याचा हात मांडीवर घेऊन सुईने काढायला बसले.

"दुखतंय?"

"नाही... सावकाश काढा. घाई नाहीये मला."

"निघालं कधीच."

"मग हात का धरून ठेवलाय तुम्ही?"

मी हात असा झटकला की सुई कुठे पडली ती सापडलीच नाही. त्या दिवसापासून 'तुम्ही'चं 'तू' झालं. आधी त्याने केलं की मी, यावर आम्ही दोन दिवस भांडलो.

एका संध्याकाळी समुद्राकडच्या भिंतीला फळ्या ठोकताना तो म्हणाला, "या भिंतीला खिडकीच नाही? समोर एवढा समुद्र! वेडी आहात का तुम्ही माणसं?"

मी हातोडी खाली ठेवली. पूर्वी होती खिडकी, मी सांगितलं. बाबा बोटीवर मेकॅनिक होते. बोट धक्क्याला लागायच्या आधी मी खिडकीतून टॉवेल हलवायची आणि ते बोटीचा भोंगा वाजवायचे. वादळ आलं तेव्हा त्याच खिडकीची दारं बाबा अंगाने दाबून उभे होते. चौकटीसकट भिंत आत आली. आई तीन पावलांवर होती.

"आईची एकच अट आहे," मी म्हटलं. "घरातून समुद्र दिसायला नको. तो दिसला, तर ती मावशीकडे निघून जाणार, कायमची. शाळा उघडतेय, निवारा बंद होतोय. ती या घरात आली नाही, तर हे घर घेऊन मी काय करू?"

त्याने हळूच विचारलं, "आणि तुला? तुला नको ती खिडकी?"

माझे डोळेच भरून आले. त्याने माझ्या गालावरचा लाकडाचा भुसा बोटाने पुसला... भुसा तिथे होता की नव्हता, देव जाणे. त्या क्षणी मला तो इतका आवडला की अंगावर काटा आला.

शेवटचे दोन दिवस मी कामावर नव्हते. आईला ताप होता, शिवाय निवाऱ्यातलं सामान बांधायचं होतं. घर ताब्यात द्यायच्या दिवशी मावशी गाडी घेऊन आली. आई तिच्याबरोबर मागून येणार होती. मी मात्र धावतच पुढे आले. खोटं कशाला बोलू, घरापेक्षा त्याच्या ओढीने आले.

तो दारातच उभा. "डोळे मिट," म्हणाला. खांद्यांना धरून मला आत नेलं. "आता उघड."

समुद्राकडच्या भिंतीत खिडकी होती. मोठी, पांढऱ्या चौकटीची, आणि तिच्यात पलीकडच्या धक्क्यापर्यंत सगळा समुद्र.

माझा हात आपोआप वर गेला, टॉवेल हलवायला जायचा तसा. मी आनंदाने रडले. हो, आनंदाने! बाबा परत मिळाल्यासारखं वाटलं एक क्षणभर.

"पहाटे उठून केली," तो म्हणाला. "यातला एकही खिळा वाकडा नाही, मोजून बघ. मला... मला तू आवडतेस. जायच्या आधी सांगायचं होतं."

"मलाही," मी म्हटलं. "मलाही, वाकड्या."

आणि मग मला आईची आठवण झाली.

"अरे, पण आई?"

"तिने एकदा बघितलं की भीती जाईल तिची. ताई म्हणतात, जखम उघडी केली की लवकर भरते."

"आमच्याकडे पट्टी बांधतात जखमेला!"

मागे पाऊल वाजलं. आई दारात आली होती. तिने खिडकीकडे पाहिलं आणि तिचा हात आधाराला दाराची चौकट शोधू लागला. ती ओरडली नाही, रडली नाही. नुसती वळली आणि मावशीला म्हणाली, "चल. मी तुझ्याकडे येते." पिवळे शर्टवाले बाहेर रांगेत गाणं म्हणायला उभे होते. आई त्यांच्यामधून मान खाली घालून गेली.

मी त्याचा दंड धरला. "आत्ताच्या आत्ता बंद करू. फळ्या पडल्यात बाहेर. दोघांनी लावल्या तर तासाभराचं काम आहे. आई अजून गाडीतच आहे, मी तिला थांबवते. ती बाहेर बसून बघेल... तू लावतोयस हे बघेल."

तो बाहेर पळाला. एक फळी घेऊन आला, चौकटीला टेकवली. मी डब्यातून खिळे काढले. तेवढ्यात बसचा भोंगा वाजला. ताई टाळ्या वाजवून सगळ्यांना बोलवत होत्या. अंधार पडायच्या आत पूल ओलांडायचा होता.

फळी त्याच्या हातात होती. तो तिच्याकडे बघत होता, बसकडे बघत होता, माझ्याकडे मात्र बघत नव्हता.

"थांब ना," मी म्हटलं. "उद्याच्या एसटीने जा. एक दिवस."

"अगं, असं एकट्याने मागे राहता येत नाही. नियम आहे. मी सांगून ठेवतो ना, परवा..." तो अडखळला. "परवा पुढची तुकडी करेल."

या वेळी तो हसत नव्हता. इतके दिवस मी ते वाक्य चेष्टा समजत होते. तो मनापासूनच बोलत होता.

त्याने फळी अगदी जपून भिंतीला टेकवली आणि गेला. बसच्या काचेतून हात हलवत राहिला. मावशीची गाडी दुसऱ्या वाटेने गेली. मी दोन्हींच्या मधोमध उभी राहिले आणि माझा हात काही वर गेला नाही.

परवापर्यंत मी थांबले नाही. त्याच संध्याकाळी ती खिडकी मी एकटीने बंद केली. रडत रडत ठोकलेले खिळे सरळ कसे जाणार?

आई यायला पुढे खूप दिवस गेले. मी मावशीकडे खेपा घातल्या, आईच्या पायाशी बसले, फळ्या आहेत म्हणून शपथा घेतल्या. एकदाची ती आली. फळ्यांवरून हात फिरवून तिने सगळ्या फटी तपासल्या, मग तिथेच भिंतीला पाठ लावून बसली आणि म्हणाली, "चहा टाक."

त्याचे फोन येत होते. 'येतो', 'नक्की येतो', 'पुढच्या सुट्टीत'. मग एकदा त्याने फोटो पाठवला. त्यांच्या चर्चच्या हॉलमध्ये आमच्या खिडकीचं मोठं चित्र लावलं होतं, त्याखाली फुलं, आणि शेजारी तो हसत उभा. लोक ते बघून रडतात, असं त्याने लिहिलं होतं. ती खिडकी कधीच बंद झाली हे मी त्याला कळवलं नाही. त्यानेही कधी विचारलं नाही. त्याच्यावर प्रेम होतं माझं, आणि हे लिहितानाही ते पुरतं गेलेलं नाही, याचाच मला राग येतो.

परवा शेजारच्या घरावर नवी तुकडी आली. पिवळ्या शर्टातला एक जण पाणी मागायला आमच्याकडे आला, आणि आईच्या मागच्या फळ्यांकडे बघतच राहिला.

"ताई, हे कुणी केलं हो? एक खिळा सरळ नाही. काढून नीट ठोकून देऊ का?"

आईने माझ्याकडे बघितलं.

"राहू दे," मी म्हटलं. "पाणी घे आणि जा."