भीतीचा उतारा

"माणूस घाबरून आला तर आधी ऐकून घे. धीर मागाहून दे." निवृत्त होताना आधीचे प्रमुख अंबर्डेकरसर यांनी सांगितलेलं मृणालिनी पारखीला आज आठवलं. आज सोमवार. दर सोमवारी दुपारपर्यंत तिचं मौन असे.

रसायन कारखान्याची ती प्रमुख. सहा महिन्यांपासून सगळ्या अधिकाऱ्यांच्या कानात 'भावसाथी' होता. समोरच्याचा आवाज ऐकून काय बोलावं, कोणत्या सुरात, ते तो कानात सांगे. तेव्हापासून तक्रार अशी उरलीच नव्हती.

सकाळी टाक्यांवरचा कामगार दशरथ घोसाळकर आला. "मॅडम, तीन नंबरच्या टाकीची झडप अडकतेय. दाब चढतो. चौथ्यांदा सांगतोय. दर वेळी तुम्ही बोलता, मला बरं वाटतं, न् मी घरी जातो." तो कसनुसा हसला. "आज तुम्ही बोलणार नाही, म्हणून मुद्दाम आलो."

'तुमची काळजी मला कळते, दशरथ,' कानात वाक्य आलं. ती बोलली नाही. या वेळी तो घरी गेला नाही, समोरच उभा राहिला. तिने दाबाचा आलेख मागवला, आणि रेषा धोक्याच्या खुणेला टेकलेली पाहून ती घाबरली. उद्या ती टाकी काठोकाठ भरायची होती. मौनाच्या पाटीवर तिने लिहिलं, 'भरू देणार नाही. शब्द देते.'

मौन सुटताच कानातलं यंत्र काढून ती संचालक डॉ. सबनीसांकडे गेली. भावसाथी त्यांनीच घडवलेला.

"सर, तो भीती घालवतो. भीतीचं कारण तसंच राहतं."

"राहणारच. तो आवाजातला कंप मोजतो. कंप गेला की त्याचं काम झालं."

"आणि झडप?"

"झडपेला कुठे आवाज असतो?"

"मग लोकांना सांगू या, की हा नुसता उतारा आहे."

"सांगा की. औषधाचं नाव कळलं म्हणून ते लागू पडायचं थांबतं का?" त्यांच्या कानाशी हिरवा ठिपका उजळला. ते किंचित थांबले. आवाज खाली आला. "मृणालताई, इतक्या जणांचा जीव एकटीनं सांभाळता. तुम्हाला कुणी विचारलं का कधी, दमलात का म्हणून?"

कुणीच विचारलं नव्हतं. तिचे खांदे सैल झाले.

"उद्या टाकी भरू द्या. दशरथला तुम्हीच समजवा. एवढं कराल?"

"करते."

बाहेर आल्यावर तिने आलेख पुन्हा पाहिला. आकडे तेच होते. भीती मात्र उरली नव्हती. दिलेला शब्द तिने आजवर मोडला नव्हता. आज मात्र दशरथला पाटीवर दिलेला शब्द पदराने पुसून, भावसाथी कानात बसवून ती शांतपणे तीन नंबरकडे निघाली.