बोलून दिलेलं उत्तर

लालबागच्या मसाला गल्लीत एप्रिल महिन्यात उभं राहायचं तर नाकाला रुमाल लावूनच. मसाला कुटायचे डंक धाडधाड चालू असतात, मिरचीची धूळ उडत असते, आणि शेजारचा माणूस काय बोलतो तेही कळत नाही.

यतीन गिरगावचा. परळच्या एका ऑफिसात कॉम्प्युटर बिघडले की ते बघायचं काम त्याच्याकडे. त्या दिवशी रजा टाकून आईचा वर्षाचा मसाला कुटून घ्यायला आला होता. त्याच्या पुढे एक मुलगी होती. ओढणी नाकातोंडावर घट्ट बांधलेली. ती दुकानदाराला काहीतरी सांगत होती आणि तो पुन्हा पुन्हा कानाला हात लावत होता.

"काय सांगायचंय? मला सांगा, मी ओरडतो," यतीन म्हणाला.

तिने वळून पाहिलं. डोळे लाल, पाणावलेले. मग त्याच्या कानाशी येऊन म्हणाली, "धणे भाजून घ्या म्हणावं. आणि दगडफूल कमी."

"धणे भाजून! दगडफूल कमी!"

"आणि म्हणावं, गेल्या वर्षी मिरची जुनी घातली होती."

"गेल्या वर्षी मिरची—" यतीन थांबला. "हे मी सांगू? मार मला पडेल."

"मग पुढे कशाला आलात?"

ओढणीआड ती हसली असावी. डोळ्यांवरून तसं वाटलं.

"घसा बसलाय का तुमचा?"

"बसलाय. उठत नाहीये."

"आणि मिरचीत उभ्या राहता?"

"आईचे गुडघे दुखतात. तिच्यापेक्षा मी बरी." मग म्हणाली, "वर्गातसुद्धा तुमच्यासारखा ओरडणारा माणूस ठेवायला हवा. मी शिकवते. मागच्या बाकांपर्यंत आवाजच पोचत नाही."

"माणूस कशाला? कॉम्प्युटर असेल ना? माइक लावा, स्पीकरमधून आवाज येईल."

"लावला. नाही येत."

"कारण त्याला तसं सांगावं लागतं."

"मग तुम्हीच येऊन सांगा. तुम्हाला हौस दिसतेय."

शनिवारी तो गेला. लालबागच्याच एका चाळीच्या तळमजल्यावर मंडळाची खोली होती. संध्याकाळी तिथे ती मुलगी, दर्शना, आठवी-नववीच्या मुलांचा क्लास घ्यायची. कोपऱ्यात एक जुना कॉम्प्युटर, पाऊण हात लांबीचा माइक आणि दोन स्पीकर. दाराशी तिची आई, शेवंतीकाकी, खुर्ची टाकून बसलेली.

यतीनने दर्शनाला शेजारी बसवून दाखवलं. खालच्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चित्रावर उजवं क्लिक. मग साउंड. उघडलेल्या खिडकीत वर 'रेकॉर्डिंग' असं लिहिलेला भाग. तिथे माइकचं नाव आणि बाजूला हिरवी पट्टी. बोललं की ती वर चढते. माइकच्या प्रॉपर्टीजमध्ये 'लिसन' नावाचं पान, त्यातल्या चौकोनात टिक करायची आणि खाली स्पीकर निवडायचा. झालं.

त्याने ओके दाबलं मात्र... स्पीकर असा किंचाळला की मुलांनी कान झाकून आरडाओरडा केला. वरच्या मजल्यावरून कोणीतरी विचारलं, "काय रे, गणपती आजच आणले काय?"

"स्पीकर माइकच्या तोंडाशी आहेत," यतीन म्हणाला. मग त्याने लांब वायर घालून दोन्ही स्पीकर मागच्या भिंतीवर, शेवटच्या बाकाच्या वर ठेवले. आवाज कमी केला. "आता बोला."

"मुलांनो, गप्प बसा," दर्शना कुजबुजली. मागच्या भिंतीतून तेच शब्द स्वच्छ बाहेर आले आणि मुलं खरंच गप्प बसली.

तिने माइक बाजूला केला. "मी बोलते, आणि जरा उशिराने तीच मी मागून बोलते. कोणीतरी चिडवतंय असं वाटतं."

"सवय होईल."

"तुम्हाला आहे का अशी सवय?"

"आई आहे ना घरी."

दाराशी बसलेल्या शेवंतीकाकी मोठ्याने हसल्या.

मग दर शनिवारी त्या कॉम्प्युटरला काही ना काही व्हायचं. कधी वायर सैल, कधी माइक खरखरतोय. शेवंतीकाकी एकदा म्हणाल्या, "ह्या यंत्राक शनिवारीच कसा रे दुखता?" यतीन खाली बघून वायर गुंडाळत राहिला. काम झालं तरी तो निघायचा नाही. शेवटच्या बाकावर, स्पीकरखाली बसायचा. दर्शना तिकडे फळ्यापाशी उभी आणि तिचा बारीक आवाज इकडे त्याच्या कानाशी. वर्गातल्या सगळ्यांना तो ऐकू येत होता, पण यतीनला तो आपल्यासाठीच वाटायचा.

"तिकडे काय बघतोस? फळा इकडे आहे," असं एकदा ती माइकवरच म्हणाली. तोवर दोघं अरे-तुरेवर आली होती. सगळी मुलं वळून बघायला लागली.

"फळा नाही बघत मी," यतीन म्हणाला. मुलांनी बाक बडवले.

दर्शनाचा घसा नुसता बसलेला नव्हता. स्वरयंत्रात गाठ होती. आदल्या वर्षी रेडिएशन झालं होतं आणि गाठ गेली असं सगळ्यांनी धरलं होतं. गणपतीनंतर ती पुन्हा आली. तिने हे यतीनला दादरला सांगितलं, एका दुकानात पीयूष पिताना. तिच्या घशाखाली तेव्हा तेवढंच नीट उतरायचं.

"स्वरयंत्र काढणार," ती म्हणाली. "इथे गळ्याला भोक ठेवतील. श्वास तिथून. नाकाला सुट्टी."

"आणि बोलणं?"

"त्यालाही."

यतीनने हातातला ग्लास खाली ठेवला. "लग्न करू या," तो म्हणाला.

"अरे, मी काय सांगतेय आणि तू काय बोलतोयस!"

"तुझं ऐकलं मी. आता माझं तू ऐक."

ती बराच वेळ चमचा फिरवत राहिली. "उत्तर देईन. पण लिहून नाही. लिहून तर पुढे आयुष्यभर द्यायचंय सगळ्यांना. हे बोलून देईन."

"मग दे ना आत्ता."

"तुझ्या तोंडाकडे बघून नाही जमायचं." ती हसली. "क्लासच्या कॉम्प्युटरमध्ये बोलून ठेवते. मला आत नेलं की जाऊन ऐक."

"फोनवर कर की."

"माझा फोन आई बघते, मावशी बघते, मावशीची सून बघते. फोन नको."

"मी येऊन दाखवू, कसं करायचं ते?"

"मास्तर, मला येतं. रोज करते मी ते."

तोंडाकडे बघून जमायचं नाही, म्हणजे लाजते, असं यतीनने धरलं. त्या वयात माणूस दुसरं काय धरणार?

ऑपरेशनच्या दिवशी परळच्या हॉस्पिटलात तिला स्ट्रेचरवरून नेताना तिने त्याला क्लासच्या खोलीची किल्ली दिली. "ऐक हं," एवढंच म्हणाली. आत गेल्यावर यतीनने शेवंतीकाकींना चहा आणून दिला आणि परळहून लालबागला चालत गेला. एवढ्या काळजीतही त्याच्या मनात लाडू फुटत होते. त्याची त्याला लाज वाटत होती.

खोली उघडली. कॉम्प्युटर सुरू केला. डेस्कटॉपवर काही नव्हतं. डॉक्युमेंट्समध्ये मुलांच्या प्रश्नपत्रिका. त्याने सगळे फोल्डर उघडले, कचऱ्याची टोपलीसुद्धा. मग साउंडची खिडकी उघडून पाहिली. माइकची टिक जागच्या जागी होती. त्याने माइकवर बोट आपटलं. हिरवी पट्टी चढली. मागच्या भिंतीतून टक् असा आवाज आला.

तेव्हा त्याला कळलं.

तिने 'रेकॉर्डिंग' लिहिलेला भाग उघडला होता. पट्टी चढताना पाहिली होती. आपला आवाज मागून ऐकला होता. खात्री पटायला माणसाला आणखी काय लागतं? पण त्या खिडकीत आवाज फक्त इकडून तिकडे जातो. साठवला काही जात नाही. एवढे महिने तो शेजारी बसून वायरी जोडत होता. हे एक वाक्य सांगायचं त्याला कधी सुचलं नव्हतं.

तो मुलांच्या बाकावर बसून राहिला. तिकडे परळला तिचा गळा कापत होते आणि इथे, या एवढ्याशा खोलीत, ती त्याच्यासाठी शेवटचं जे बोलली ते भिंतींनी ऐकून सोडून दिलं होतं.

तीन दिवसांनी तिला वॉर्डात आणलं. गळ्याला नळी, नाकात नळी, चेहरा सुजलेला. हातात लहान मुलांची प्लास्टिकची पाटी. वरचा कागद उचलला की पुसली जाणारी. यतीनला पाहताच तिने लिहिलं, 'ऐकलंस?'

खरं सांगायचं तो जिन्यापर्यंत ठरवून आला होता. पण त्या गळ्याकडे पाहून त्याची जीभ रेटेना. आवाज गेलेल्या माणसाला कसं सांगायचं, की तुझं शेवटचं बोलणंही गेलं? आणि उत्तर काय असणार ते तर त्याला माहीतच होतं.

"ऐकलं," तो म्हणाला. "तू म्हणशील तसं. मला मान्य आहे."

दर्शनाने त्याच्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग मान हलवली, पाटी पुसली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. दमली असेल, यतीनला वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती झोपली होती. तिसऱ्या दिवशीही. त्यानंतर वॉर्डाच्या दाराशी शेवंतीकाकी आडव्या आल्या.

"आता येऊ नको, झिला."

"काकी, काय झालं?"

"काय झाला म्हणून माकाच विचारतंस?" त्यांचा आवाज चढला, तशी त्यांनी त्याला दंडाला धरून व्हरांड्यात नेलं. "माझ्या चेडवान, दर्शनान सांगल्यान, माका सोड. आणि तू मान्य म्हणून मोकळो झालंस? एकदा तरी नाय म्हणायचा होता रे. एकदा! तेवढ्यासाठीच सांगतत बायका."

यतीन कठड्याला टेकला. "काकी... मी काहीच ऐकलं नाही. कॉम्प्युटरमध्ये काही नव्हतंच. आवाज नुसता स्पीकरमधून बाहेर आला. तिला वाईट वाटेल म्हणून मी ऐकलं म्हणालो."

शेवंतीकाकी बाकावर बसल्या, गुडघ्यांवर हात ठेवून.

"मी ऐकलंय," त्या म्हणाल्या. "मी मागे बसललंय, त्या स्पीकरखाली. गुडघे दुखतत म्हणून भायर गेलंय नाय, तिका वाटला मी झोपलंय. ती म्हणाली, यतीन, तू थांबशील याचीच मला भीती वाटते. गाठ मानेत उतरलीय, डॉक्टर पुढचं काही बोलत नाहीत. माझ्यासाठी थांबू नको. दुसरी बघ. आणि चांगली मोठ्याने बोलणारी बघ." त्यांनी पदर तोंडाला लावला. "असा म्हणून हसली. मग रडली. ता पण सगळा वरून माझ्या कानात येत होता, बाबा. मी काय करू?"

व्हरांड्यातून खाली रस्ता दिसत होता. हॉस्पिटलसमोरच्या फुटपाथवर बाहेरगावचे लोक पेशंट घेऊन बसले होते. कोणी डबा उघडला होता, कोणी एक्स-रेचा लिफाफा उन्हात धरून बघत होतं. त्या सगळ्यांपेक्षा आपलं काही वेगळं नाही, हे त्याला पहिल्यांदाच नीट कळलं. दर्शना राहील का जाईल, कोणी सांगणार नव्हतं. तिचा आवाज परत येणार नव्हता. एक खोटं बोलून त्याने तिची राहिलेली आशाही काढून घेतली होती.

"काकी, मला आत जाऊ द्या," तो म्हणाला.

त्या बाजूला झाल्या नाहीत, पण अडवलंही नाही.

दर्शना जागी होती. त्याने स्टूल ओढलं आणि सगळं सांगितलं. रेकॉर्डिंग झालं नव्हतं, ते. तो खोटं बोलला, ते. मान्य कशाला म्हणाला, ते. सांगताना तो तिच्याकडे बघत नव्हता.

आधी तिचा चेहरा पांढरा पडला. मग तिने हातातली पाटी त्याच्या खांद्यावर मारली. एकदा, दोनदा. मग तोंड उघडून रडली. आवाज काही नाही. फक्त गळ्यातल्या नळीतून हवेची घरघर. शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. यतीनने दर्शनाचे डोळे पुसायला हात पुढे केला, तो तिने झटकला.

बऱ्याच वेळाने ती शांत झाली. पाटीवर लिहायला लागली, तेव्हा यतीनने पाटी काढून घेतली आणि खाटेखाली ठेवली.

"लिहून नको. तूच म्हणाली होतीस."

ती त्याच्याकडे रागाने बघत होती. ओठ हलले. अगदी स्पष्ट, एकेक शब्द सुटा. थांबू नको. जा.

"ऐकू आलं नाही," यतीन म्हणाला.

तिने डोळे मोठे केले. पुन्हा ओठ हलले. जा.

"नाही आलं ऐकू."

तिसऱ्यांदा तिने तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं. खांदे हलले. ती हसतेय की रडतेय, हे त्याला सांगता आलं नसतं. तिचा हात चादरीवर पडला होता, सुईने काळानिळा झालेला. त्यावर त्याने आपला हात ठेवला. या वेळी तिने तो झटकला नाही.

भेटायची वेळ संपली म्हणून वॉर्डबॉय ओरडत आला. यतीनला तेही ऐकू आलं नाही.