डबीतलं आणि डबीवरचं

क्षयवाचक हे यंत्र पिठाच्या डब्याएवढं होतं. ज्यांनी ते बनवलं ते शब्बीर काझी स्वतःच ते घेऊन खाण वसाहतीच्या आरोग्य केंद्रात आले होते. खाण कधीच बंद झाली होती. तिच्या खड्ड्यात पाणी साचून त्यावर सौरपट्ट्या तरंगत होत्या. पण धुळीने पोखरलेल्या छात्यांत क्षय अजून मुक्कामाला होता, आणि लहान मुलांत तो सापडत नव्हता.

डॉक्टर घाटबांधेबाईंची तक्रार जुनी होती. मोठा माणूस खाकरून बेडका देतो, मूल तो गिळून टाकतं. मग तपासायचं काय?

"गिळलं म्हणजे हरवलं नाही," काझी म्हणाले. "सकाळी ते बाहेर येतंच. चमचाभर शी पुरे. त्यात क्षयाच्या जंतूचा जनुकधागा असेल तर यंत्र तो हुडकतं, त्याच्या लाखो नकला काढतं आणि वाचतं. कोणतं औषध लागू पडेल तेही त्या धाग्यावरूनच कळतं, म्हणून गोळीही तिथंच तयार होते. चव मुलाने निवडायची."

"आणि चूक?"

"डबीत जे असेल ते वाचण्यात चूक नाही."

डॉक्टरांनी स्टेथोस्कोप खुंटीला अडकवला. पुढे तो तिथंच राहू लागला.

वसाहतीतल्या मंदा आसुटकरला दोन मुलं. धाकटा हर्षल खोकायचा, त्याचे हात काड्यांसारखे झाले होते. त्यामुळे अंड्यातला पिवळा बलक त्याचा, आईची मांडी त्याची, रात्री तिच्या दंडावर डोकंही त्याचंच. नऊ वर्षांच्या कावेरीने आरशासमोर खोकून पाहिलं. तो खोकला तिने आईला ऐकवला, तर आई म्हणाली, "तुले काय धाड भरली व? घोड्यासारखी तर हायेस."

घरात एकाचा संशय आला की सगळ्याच मुलांची डबी द्यायची, असा केंद्राचा नियम होता. त्या सकाळी मोरीच्या कट्ट्यावर दोन डब्या शेजारी शेजारी होत्या, नावाच्या चिठ्ठ्या लावलेल्या. आई चहा करत होती. कावेरीने नखाने दोन्ही चिठ्ठ्या उचकटल्या आणि अदलाबदल करून परत दाबून बसवल्या. तिचा हिशेब सरळ होता. आजार हर्षलच्या डबीत आहे. त्या डबीवर आपलं नाव असलं की आजार आपला, आणि मांडीही आपली.

क्षयवाचकाने हर्षलच्या नावापुढे लाल खूण दाखवली. कावेरीच्या नावापुढे हिरवी.

यंत्रसुद्धा त्याच्याच बाजूचं निघालं, असं कावेरीला वाटलं. हर्षलला केंद्रातली सूर्यखोली मिळाली, तळ्याकडे काचेची भिंत असलेली. गोळीची चव विचारल्यावर तो ऐटीत "आंबा" म्हणाला. कावेरीने स्वतःसाठी गूळ घातलेल्या कवठाची चव केव्हाच ठरवून ठेवली होती. ती तिला कोणी विचारली नाही.

अंडी आणि ऊन मिळून हर्षल भरला. त्याचा खोकलाही थांबला. लोक यंत्राचं नाव घेऊ लागले. इकडे कावेरी वाळत गेली. ती ताट सरकवायची, संध्याकाळी तिचा चेहरा लाल व्हायचा, आणि आता खोकायला आरशाची गरज पडत नव्हती. शेजारणी हसून म्हणायच्या, भावाचं खाणं पाहून जळते पोरगी. आईलाही तेच वाटे. हेवा माणसाला आतून खातो, हे कावेरीने ऐकलं होतं, त्यामुळे तिलाही ते पटलं.

यंत्राची पाहणी करायला काझी पुन्हा आले, त्या दिवशी मंदा दोन्ही मुलांना घेऊन केंद्रातच बसली होती. डॉक्टर हळूच म्हणाल्या, या मुलीची खूण हिरवी आली, तरी तिच्याकडे पाहून मला चैन पडत नाही. काझींना ते जरा लागलं. तुमचा डोळा माझ्या यंत्राहून बारीक आहे का, असं त्यांनी विचारलं.

बाकावरून कावेरीने विचारलं, "काका, डबीवरचं नाव यंत्र वाचते का?"

"नाही गं. नाव आपण लावतो. ते फक्त आतलं वाचतं."

कावेरीने मनातल्या मनात दोन्ही डब्या पुन्हा कट्ट्यावर ठेवल्या. लाल खूण आली ती हर्षलच्या नावाच्या डबीला. आणि त्या डबीत काय होतं, हे साऱ्या वसाहतीत तिला एकटीलाच ठाऊक होतं. तिने आईच्या मांडीकडे पाहिलं. तिथं हर्षल बसला होता.

"आई," ती म्हणाली, "ते लाल डबी माही होती."

मग तिने चिठ्ठ्यांचं सांगितलं. मंदाने हात उगारला. तो गालावर न पडता कपाळावर टेकला, आणि तिथंच राहिला. कपाळ तापलं होतं.

डॉक्टरांनी खुंटीवरचा स्टेथोस्कोप काढून त्यावरची धूळ पदराने पुसली. नव्या डब्या यंत्रात गेल्या तेव्हा चिठ्ठ्या त्यांनी स्वतः, मुलांच्या समोर लावल्या. कावेरीची लाल आली, हर्षलची हिरवी. त्याने घेतल्या तेवढ्या गोळ्या बचावाला पुरेत, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्याचा खोकला धुळीचा होता, सूर्यखोलीच्या काचेआड धूळ नव्हती म्हणून तो थांबला.

यंत्राने चव विचारली. कावेरी म्हणाली, "कोनतीबी."

मंदाने तिला मांडीवर ओढून घेतलं. लांब पाय जमिनीला टेकत होते, तरी घेतलं. हर्षल खाली उभा राहिला. त्याने आईच्या हाताकडे पाहिलं, सूर्यखोलीच्या दाराकडे पाहिलं. त्याच्या तोंडावर जे आलं ते कावेरीला चांगलं ओळखीचं होतं.

तो तिच्या कानाशी आला आणि म्हणाला, "ताई, पुढच्या खेपेले आपण डब्या बदलू."