गुरू असं करत नाहीत

खाणीचं छत कोसळलं तेव्हा आपोआप चालणारं खोदयंत्र ढिगाऱ्याच्या बाहेर राहिलं आणि सुखदेव आत्राम आत. नशिबाने भिंतीवरचा फोन चालू होता.

"घाबरू नका, सुखदेवभाऊ," वरच्या नियंत्रण कक्षातून अभियंता मृणाल देवगडे म्हणाली. "ढिगारा उपसायला शिष्ययंत्र लावलंय. तुमच्याच हाताखाली शिकलंय ते!"

नेमकं तेच वाईट होतं.

दोन वर्षांपूर्वी सुखदेव खोदयंत्राचा चालक होता; यंत्र त्याचं पाहून स्वतः चालायला शिकलं की सगळ्या चालकांच्या नोकऱ्या जाणार, हे कळल्यावर त्याने शिकवणीतच पाचर मारली होती. कोसळलेला ढिगारा वरून, हलक्या हाताने उतरवायचा असतो. सरावाच्या बोगद्यात मात्र त्याने तो दर वेळी खालून पोखरून दाखवला. तिथे रचलेला ढीग, कशाला अंगावर येतो? खऱ्या ढिगाऱ्यापाशी यंत्र तोंडघशी पडेल, मग साहेब चालकांना हाका मारत येतील, असा हिशोब. पण खरा ढिगारा आलाच नाही; चालक घरी गेले, आणि यंत्राचा हा गुरुजी केबल ओढायला उरला.

"मॅडम, म्या खोटं शिकवलं त्याले! वरून काढाले सांगा. खालून घेतलं तर सारं माझ्या अंगावर येते!"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज. मग कळफलकाची टकटक.

"मानत नाही हो ते. त्याला नियम कळत नाहीत, उदाहरणं कळतात. तुमच्या हातची शेकडो उदाहरणं एकीकडे, हे एक वाक्य दुसरीकडे."

"मीच सांगून रायलो न पण!"

"अडकलेला माणूस भीतीने भलते हुकूम देतो. तेव्हा त्याच्या बोलण्यापेक्षा हातावर विश्वास ठेवायचा, ही सोय आम्हीच केलीय."

"मंग कोणाले तरी चालवाले बसवा!"

"सीट आणि दांडे काढून टाकलेत."

"बंद करा तं!"

"दुसरं यंत्र उद्या येईल, भाऊ. तुमच्याकडे हवा तासाभराची आहे."

सुखदेव ढिगाऱ्यापासून सरकून फोनच्या भिंतीला टेकला. स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला होता, आणि आता तो हातच त्याचं ऐकत नव्हता.

"पुन्हा सांगून पाहते," मृणाल म्हणाली. थोड्या वेळाने तिने पडद्यावरचं उत्तर वाचलं, "सूचना अमान्य. गुरू असं करत नाहीत."

ढिगाऱ्यापलीकडे दगडावर यंत्राचे दात फिरू लागले. सुखदेवने कान लावला. खालून, डाव्या कोपऱ्यातून, एक घाव आणि जरासा विसावा. हुबेहूब त्याचाच हात. इतका मन लावून शिकलेला शिष्य त्याने आयुष्यात पाहिला नव्हता.

वरून पहिला खडा त्याच्या खांद्यावर पडला.