दोघांत एक चाक

साखळी अडकली ती नेमकी चढाच्या मध्यावर. मी रस्त्याच्या कडेला गुडघे टेकून, मनगटापर्यंत काळ्या झालेल्या हातांनी तिच्याशी भांडत होते, आणि खालच्या वळणावरून एक सायकल वर येत होती.

हौशी सायकलस्वारांची ती दोन दिवसांची शर्यत. शनिवारी एकामागून एक सोडतात, प्रत्येकानं डोंगर एकट्यानं चढायचा. रविवारी सगळ्यांनी मिळून मोठा फेरा मारायचा. दोन्ही दिवशी शेवटची रेषा ओलांडली तरच शर्यत पूर्ण झाली म्हणायची, आणि मी ती आजवर एकदाही पूर्ण केली नव्हती, दर वेळी शनिवारीच बाहेर. कधी पेडल निखळलं, कधी ब्रेकची तार तुटली, पंक्चरं तर विचारूच नका. क्लबात मला पंक्चरताई म्हणायचे, तेही तोंडावर. सायकल बाबांची होती, त्यांच्या तरुणपणातली. या वेळीही अर्धवट राहिलं तर तिला भिंतीवर टांगायची आणि मी हा नाद सोडायचा, असं आम्हा बापलेकीचं ठरलं होतं. बाबा हे अगदी शांतपणे बोलले होते, भिंतीत खिळाही ठोकून ठेवला होता, म्हणून मला जास्तच लागलं.

तर... तो वर आला. नाकावर घसरलेला चष्मा, घामानं चिंब. शर्यतीत पहिल्या पाचांत असणारा माणूस. थांबणं त्याला परवडणारं नव्हतं. पण तो जरा हळू झाला.

"मागचं चाक सैल करा," तो धापा टाकत म्हणाला. "साखळी सुटेल."

आणि गेला. मी चाक सैल केलं, साखळी सुटली. शेवटून दुसरी का होईना, मी शनिवारची रेषा ओलांडली.

वर चहाच्या टेबलापाशी तो पुन्हा दिसला. मी आभार मानायला वळले तर तो माझ्याकडे बघतच नव्हता. त्याची नजर माझ्या सायकलीवर खिळली होती. त्याचं चष्म्यांचं दुकान आहे, असं त्यानं सांगितलं. मी म्हटलं, मी इस्पितळात एक्स-रे काढते, म्हणजे आपण दोघंही बघण्याचंच काम करतो. तो हसला, आणि पुन्हा खाली बघू लागला.

"सकाळपासून बघताय तुम्ही," मी म्हटलं. "आमच्या मामांच्याही लक्षात आलंय."

तो कानापर्यंत लाल झाला. "मी... तुमच्या मागच्या चाकाकडे बघत होतो."

"चाकाकडे?"

"सात गिअरचं आहे. जुनं. या सगळ्या गर्दीत असं चाक फक्त तुमचं आणि माझं आहे."

मला हसावं की रागवावं कळेना. पण मुद्दा खरा होता. रविवारी शेवटच्या स्वारामागून एक गाडी चालते, आमच्या मामांची, आणि तिच्यात जादा चाकं असतात. ज्यानं गाडीत चाक टाकलं, त्यालाच गाडीतून चाक मिळतं, असा रिवाज. माझ्याकडे जादा चाक नव्हतंच, आणि दुसऱ्यांची नवी चाकं माझ्या सायकलीत बसत नव्हती.

"माझं एक जादा आहे," तो म्हणाला. "ते दोघांच्या नावानं टाकतो."

"आणि दोघांचंही फुटलं तर?"

"ज्याचं आधी फुटेल, त्याचं चाक."

रविवारी सकाळी धुकं होतं. शंभरेक सायकली एकदम सुटल्या आणि तो आवाज... साखळ्यांची ती एकसुरी गुणगुण, मधमाश्यांचं पोळं उठावं तशी. कुणी बोलत नव्हतं. पुढचा डावीकडे झुकला की सगळा घोळका झुकायचा. मी त्यात होते, माणसांच्या त्या वाहत्या घोळक्यात, आणि माझ्या अंगावर काटा आला. एवढी वर्षं मी काय गमावत होते ते मला तेव्हा कळलं.

अर्थात घोळका मला फार वेळ लाभला नाही. पहिल्याच चढाला सगळे पुढे गेले, मी मागे राहिले. चष्मेवाला सर्वांत पुढच्या टोळीत होता. माझ्यामागे होती फक्त मामांची गाडी.

आणि मग, बऱ्याच वेळानं, एका पुलाजवळ तो मला उभा दिसला. सायकल कठड्याला टेकवलेली, मागचा टायर उभा फाटलेला. तो आज जिंकला असता, असं सगळेच म्हणत होते.

"गाडी येतेय मागून," मी ओरडले. "घ्या तुमचं चाक."

मी जवळून गेले तेव्हा त्यानं पाहिलं... माझ्याकडे नाही, मेला, माझ्या मागच्या चाकाकडे. पुढच्या वळणावरून मी मागे वळून बघितलं. मामांची गाडी त्याच्यापाशी थांबली होती. जरा वेळानं ती पुन्हा माझ्यामागे आली, पण त्याच्या सायकलचा पत्ता नव्हता. मला काही उलगडा होईना.

शेवटच्या चढाखाली माझा मागचा टायर फटाक्यासारखा फुटला.

मी उतरले आणि रस्त्यावर बसलेच. डोळ्यांसमोर भिंत आली आणि भिंतीवरचा खिळा. मामा गाडीतून उतरले, मागचं दार उघडलं आणि एक चाक माझ्यापुढे धरलं. सात गिअरचं.

"हे तर त्याचं आहे," मी म्हटलं. "त्यानं घेतलं नाही?"

"हातात घेतलं होतं गं. मग परत ठेवलं. म्हणाला, त्यांच्या टायरला बाजूनं फुगा आलाय, घरापर्यंत टिकायचा नाही. गाडीतही बसला नाही. चालत येतो म्हणाला."

मी थक्क झाले. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. मी माणसांची हाडं बघते, फुप्फुसं बघते, रोज. पण एखाद्याच्या आत एवढी जागा असेल हे मला दिसलं नव्हतं. जो जिंकणार होता, त्यानं क्षणभर माझ्या चाकाकडे पाहिलं आणि आपली शर्यत रस्त्यावर ठेवून दिली.

चाक बसवलं. तो चढ मी कसा चढले ते मला आजही सांगता येणार नाही. रेषेपाशी बाबा उभे होते, हातात रुमाल. मी ओलांडली. बाबांनी रुमाल हलवायचं सोडून डोळ्यांना लावला. तेवढ्यात शिट्टी गळ्यात अडकवलेल्या पंचबाई पुढे आल्या. आमच्याकडे रेषा घड्याळावर बंद होत नाही, मागची गाडी ओलांडून गेली की बंद होते. त्यांनी मामांना हातानं खूण केली, या पुढे.

मामा रेषेच्या जेमतेम गाडीभर अलीकडे थांबले. उतरले. बॉनेट उघडलं.

"तापलीय," ते म्हणाले.

"थंडीत?" पंचबाईंनी विचारलं.

"म्हातारी आहे हो," म्हणत मामांनी बॉनेटमध्ये डोकं घातलं आणि तिथूनच मला डोळा मारला.

मी सायकल फिरवली आणि आले तशी उलटी सुटले.

तो चढ संपवून सपाटीला लागला होता. सायकलीच्या बुटांनी चालता येत नाही म्हणून ते हँडलला टांगलेले, पायात नुसते मोजे, तेही फाटलेले, सायकल खांद्यावर. मला बघून त्याचा चेहरा पडला.

"टिकलं नाही का चाक?"

"टिकलं. पोहोचले मी." मी उतरले. "परत द्यायला आलेय. लावा, आणि पूर्ण करा. रेषा अजून उघडी आहे. मामांची गाडी बिघडलीय."

"खरंच?"

"तुम्हीच बघा येऊन. बघण्यात तुम्ही पटाईत."

त्यानं सायकल खाली ठेवली. चाकाकडे बघितलं. मग विचारलं, "हे लावलं तर मी किती वेळात पोहोचेन?"

"पाचेक मिनिटांत."

"आणि दोघं चालत गेलो तर?"

"बराच वेळ लागेल," मी कशीबशी म्हणाले.

"मग चालूया."

आम्ही चाललो. धुकं विरलं होतं, रस्ता ओला चमकत होता. त्यानं आपली सायकल परत खांद्यावर घेतली होती, मी माझी ढकलत होते. रेषेचं तोरण दिसू लागलं तशी मला भीती वाटली की हा रस्ता संपेल. म्हणून मी थांबले.

"मी दिवसभर लोकांना सांगत असते, श्वास रोखा," मी म्हटलं. "पुलापासून माझाच रोखलेला आहे. तुम्ही आवडता मला. झालं, सांगितलं."

त्यानं चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, आणि परत घातलाच नाही.

"चष्म्याशिवाय मला फक्त जवळचं दिसतं," तो म्हणाला. "आता चाक दिसत नाही. तू दिसतेस."

त्यानं मला 'तू' म्हटलं होतं, आणि ते आम्हा दोघांच्याही लक्षात आलं होतं.

रेषा आम्ही शेजारी शेजारी, पायीच ओलांडली. बाबांनी त्याला वरपासून त्या फाटक्या मोज्यांपर्यंत बघितलं आणि काही न विचारता सायकल त्याच्या खांद्यावरून उतरवून घेतली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "भिंतीतला खिळा उद्या काढून टाकतो."

मागे मामांनी बॉनेट खाली आपटलं, किल्ली फिरवली, आणि ती म्हातारी गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली.