एक हजार वीस सेकंद

"मॅडम, एखादं मिनिट हरवू शकतं का?"

मागच्या बाकावरच्या तिघींनी पैज लावली म्हणून टिकटिकने उभं राहून विचारलं. गेल्या वर्षीपर्यंत वर्गात तिचा आवाज फक्त हजेरीला ऐकू यायचा. आता पैज लागली की ती काहीही विचारायची!

कॉम्प्युटरच्या मॅडम हसल्या नाहीत. "तुझ्या फंक्शनमध्ये हरवत असेल तर हरवेल. तपासून बघ की."

अख्खा वर्ग मिळून एक लायब्ररी, म्हणजे फंक्शन नावाच्या छोट्या छोट्या प्रोग्रामांचा संच, लिहीत होता, कुठल्याही मशीनवर जशीच्या तशी चालेल अशी. वेळेचं काम टिकटिककडे होतं. मशीन वेळ ठेवतं ती नुसती सेकंदांच्या लांबलचक आकड्यात. तिच्या फंक्शनने त्या आकड्याची तारीख-वेळ करायची आणि तारीख-वेळेचा पुन्हा आकडा. काम झटपट व्हावं म्हणून तिने एक युक्ती लढवली होती: मागचं उत्तर लक्षात ठेवायचं, दिवस तोच असेल तर तारीख पुन्हा काढत बसायचं नाही. मॅडम "वा!" म्हणाल्या होत्या. दोन दिवस टिकटिक बाईसाहेबांचे पाय जमिनीला लागले नव्हते.

तिने गेल्या दोन वर्षांतला सेकंद न् सेकंद फंक्शनमधून नेऊन परत आणला. सहा कोटींच्या वर सेकंद. गेला तोच परत यायला हवा.

एक हजार वीस चुकले.

सगळे सलग, एकाच मंगळवारचे, दुपारी चार दहानंतर चार सत्तावीसपर्यंत. त्यातला कुठलाही घाला, परत यायचे चार वाजून दहा मिनिटं, शून्य सेकंद.

युक्तीचाच घोळ, म्हणून तिने युक्ती काढून टाकली. एक हजार वीस. घरी बाबांच्या लॅपटॉपवर चालवलं. एक हजार वीस. लायब्ररी खरंच कुठेही सारखी चालत होती. मॅडम खूश झाल्या असत्या.

टिकटिकने मात्र लॅपटॉप मिटला. त्या मंगळवारी आजोबा गेले होते.

आजोबा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते. लोक फोन करून वेळ विचारत आणि ते सेकंदांसकट सांगत. अंथरुणाला खिळले तरी सवय सुटली नाही. त्या दुपारी आई-बाबा कामावर होते, जवळ ती एकटीच.

"चार दहा झाले," आजोबा म्हणाले. "बस ना जरा, टिकटिके."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. मागच्या बाकावरच्या तिघी, आयुष्यात पहिल्यांदा! "आलेच हं," म्हणून ती गच्चीवर पळाली. हसून हसून पोट दुखलं. खाली आली तेव्हा चार सत्तावीस झाले होते. आजोबांचा हात पलंगाच्या कडेवर होता, तळवा वर.

"चार दहाला गेले," तिने आईला सांगितलं. "माझा हात धरून होते." आई सावरली ती त्याच आधारावर.

चुकलेले सेकंद सापडल्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर तिने आजोबांची खोली उघडली. गादी गुंडाळलेली. बंद खोलीचा वास. लॅपटॉप मांडीवर घेऊन ती पलंगाच्या कडेवर बसली.

चार दहा झाले.

तिने हात फळीवर ठेवला. फळी गार होती.

मग नव्हती.

हात काढून घ्यावासा वाटला. तिने काढला नाही. बोटांभोवती काहीतरी हलकेच मिटलं आणि सुटलं.

तिने दुसऱ्या हाताने फंक्शन चालवलं.

एक हजार एकोणीस.

तीन वेळा चालवलं. चार वाजून दहा मिनिटं, एक सेकंद आता बरोबर येत होता. उरलेले सगळे त्याच्यापाशी येऊन थांबत होते.

रात्रीच्या जेवणाला तिने ताट पुढे सरकवलं. "आई, बाबा. आजोबा गेले तेव्हा मी खोलीत नव्हते. मी गच्चीवर होते. खोटं बोलले."

आईचा घास हातातच राहिला. "अगं, पण..."

"आणि मी ठरवलंय. उद्यापासून रोज चार दहाला मी त्यांच्यापाशी बसणार. सुट्टीच्या दिवशीसुद्धा."

"किती दिवस, बाळा?" बाबांनी जपून विचारलं.

"एक हजार एकोणीस," ती म्हणाली. "एका दिवसात एकच सेकंद सरकतो त्यांचा."