आर्डिसचा नवरा

अमेरिकेतल्या डुलूथ शहराच्या डायलिसिस केंद्रात नर्स म्हणून आर्डिस लुंडग्रेनला अकरा वर्षं झाली होती, आणि इतक्या वर्षांत ती कुठे राहते हे एकाही पेशंटला कळलं नव्हतं. याचा तिला अभिमानच होता. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास माणूस समोरच्या खुर्चीला खिळून राहिला की तो बोलणार, विचारणार आणि हळूच तुमच्या घरात पाय ठेवू बघणार. मागच्या वर्षी एक नर्स अशीच एका म्हाताऱ्या पेशंटकडे रविवारची जेवायला जाऊ लागली आणि नोकरी घालवून बसली. आर्डिस त्यातली नव्हती.

खिडकीजवळच्या खुर्चीवर टॉइवो माकी बसायचा. बंदरावर लोहखनिजाच्या बोटी भरण्यात त्याचा जन्म गेला होता, आणि बायको गेल्यापासून तो एकटा होता. म्हातारा मोठा लाघवी.

"रविवारी ये की जेवायला," जानेवारीतल्या एका सकाळी तो म्हणाला. "नाहीतरी घरी तुझी वाट कोण बघतंय?"

ती त्याच्या दंडावरची सुई चिकटपट्टीने बसवत होती. पट्टी वाकडी लागली. तिने ती काढून पुन्हा लावली.

"नवरा बघतो," ती म्हणाली. "रोआल्ड. ट्रक चालवतो."

खोटं बोलायची तिला सवय नव्हती, पण हे खोटं भलतंच सोयीचं निघालं. नकार दिला की माणूस दुखावतो. नवरा सांगितला की आपोआप गप्प बसतो.

दोन आठवड्यांनी टॉइवो म्हणाला, "काल तुझा रोआल्ड भेटला गं. हार्डवेअरच्या दुकानात. लंगडत होता बिचारा."

"चेष्टा पुरे, मिस्टर माकी."

"चेष्टा कशाला करू? चांगला बोलका गडी आहे. तुझ्यासारखा घुमा नाही."

तिने त्याचा रक्तदाब दोनदा मोजला. मशीनने अंगातलं पाणी जास्त ओढलं की म्हातारी माणसं कधी कधी भरकटतात. पण आकडे ठीक होते.

शनिवारी शेजारच्या खुर्चीवरची बाईही हसून म्हणाली, की तुमच्या नवऱ्याने माझ्या गाडीवरचा बर्फ काढून दिला. भला माणूस आहे.

"काय म्हणाला तो?" आर्डिसने विचारलं. विचारायचं नव्हतं, पण विचारून गेली.

"म्हणाला, आर्डिस टेबल सोडून जमिनीवर बसून जेवते. आणि न्हाणीचं दार उघडं ठेवते. कुणी हाक मारलीच तर ऐकू यावी म्हणून."

आर्डिसला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा जास्त लाज. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं होतं तरी काय त्यात? तिने हातमोजे बदलले आणि पुढच्या मशीनकडे गेली. दिवसभर तिला सारखं मागे वळून बघावंसं वाटत होतं.

सोमवारी सकाळी ग्रेचेनने तिला आत बोलावलं. ग्रेचेन तिची वरिष्ठ. तोंडाने फटकळ, पण मनाने वाईट नव्हती.

"अगं, पेशंटना तुझ्या घरातलं सगळं तोंडपाठ आहे. तू रात्री कुठल्या कुशीवर झोपतेस तेसुद्धा. नियम मी तुला शिकवायचे का?"

"मी काही सांगितलेलं नाही."

"मग नवऱ्याचं तोंड आवर. आणखी एक तक्रार आली तर मला तुला ठेवता येणार नाही."

"ग्रेचेन, मला नवरा नाही."

ग्रेचेनने कपाटातून तिची फाइल काढून समोर सरकवली. अडीअडचणीला कुणाला कळवायचं, तो रकाना. आर्डिसने तो अकरा वर्षांपूर्वी कोरा सोडला होता. लिहायला कुणी नव्हतंच.

रकान्यात रोआल्डचं नाव होतं. पुढे 'पती'. खाली तिच्याच स्वयंपाकघरातल्या फोनचा नंबर.

अक्षर तिचं होतं.

"शुक्रवारी याच नंबरवर बोलले मी त्याच्याशी," ग्रेचेन म्हणाली. "भांडलात का दोघं?"

आर्डिसने टेबलावरचा फोन ओढला आणि स्वतःच्या घरचा नंबर फिरवला. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. घंटा तीनदा वाजली.

"हॅलो?" शांत, जरासा दमलेला पुरुषी आवाज.

"कोण बोलतंय?"

"रोआल्ड. आपण?"

"मी आर्डिस."

पलीकडून तो समजुतीने, प्रेमळपणे म्हणाला, "हे बघा, तुम्हाला तिची सवय झालीय, मला कळतं. पण पेशंटनी घरी फोन करायचा नसतो. तिला नाही आवडत."

आर्डिसने फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

त्याच्या मागे नळ बंद झाला. पावलं आली. "कोण आहे रे?" एका बाईने विचारलं.

त्या आवाजाला जरा घाई होती, पण तो अदबशीर होता. अकरा वर्षं पेशंट रोज आर्डिसच्या तोंडून तोच आवाज ऐकत होते.